बंदिस्त माकडांचा रिकामा दिवस

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर एखाद्या जुन्या उंबराच्या आसऱ्याने वावरणारी लाल तोंडाच्या माकडांची टोळी ज्याने उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत लक्षपूर्वक न्याहाळली असेल, त्याला एक गोष्ट कबूल करावी लागेल, ती ही की, ज्या प्राण्याच्या माथी आपण उनाडपणाची आणि चंचलपणाची सारी विशेषणे पिढ्यानुपिढ्या मारत आलो, तो प्राणी वस्तुतः विलक्षण उद्योगी आहे. कोणत्या झाडाचे फळ आज पिकले असेल याची आठवण ठेवून तिकडे वाट काढावी, वाटेत दगड उलथून त्याखालचा किडा टिपावा, सालीच्या भेगेत बोट घालून अळी ओढून काढावी, गवताच्या काडीवरचे बी चिमटीने सोलावे, मिळाले ते गालाच्या पिशवीत कोंबून वरिष्ठ नर अंगावर येण्यापूर्वी उंच फांदी गाठावी आणि तेथे निवांतपणे ते बाहेर काढून चावावे, असा हा क्रम चालतो. ऊन चढले की सावलीत बसून एकमेकांच्या उवा वेचावयाच्या. परंतु तोही केवळ विरंगुळा नसतो, कारण कोणी कोणाच्या पाठीशी उभे राहावयाचे, कोणाशी वैर मिटवावयाचे आणि कोणाच्या पोराला संरक्षण द्यावयाचे, याचे सारे राजकारण त्या बोटांच्या हालचालींतून चाललेले असते. दिवसाच्या उजेडाचा फार मोठा वाटा अशा रीतीने अन्नाच्या शोधात आणि समाजाच्या व्यवहारात खर्च होतो, आणि लक्षावधी वर्षांच्या उत्क्रांतीने या प्राण्याला दिलेली बोटे, डोळे आणि मेंदू ही याच खर्चासाठी घडलेली आहेत.

तेच माकड पिंजऱ्यात आले म्हणजे त्याचा शिधा बांधला जातो. केळी, काकडी, गाजर, भिजवलेले हरभरे, चपाती असा तो शिधा वजन करून, चिरून, ठरलेल्या वेळी ठरलेल्या थाळीत येतो. पशुवैद्याने तो मंजूर केलेला असतो, पोषणाच्या दृष्टीने त्यात उणीव नसते, आणि माकड तो घटकाभरात संपवते. त्यानंतर संध्याकाळपर्यंत त्याला करण्यासारखे काहीही उरत नाही. रानात जी बोटे दिवसभर राबली असती ती आता स्वतःच्याच अंगाकडे वळतात: केस उपटले जातात, दंडाला चावे घेतले जातात, काही माकडे एकाच रेषेत अखंड येरझाऱ्या घालतात, काही गुडघे पोटाशी घेऊन तासन्‌तास डुलत राहतात, आणि बंदिवासातले काही गोरिला तर खाल्लेले अन्न ओकून पुन्हा खाण्याचा क्रम दिवसेंदिवस चालवतात. कठड्याबाहेरच्या पुष्कळांना यात माकडचेष्टा दिसतात आणि हसू येते. वास्तविक हे आजाराचे लक्षण होय, आणि तो आजार उपासमारीचा नसून बेकारीचा आहे.

या रिकाम्या दिवसात काम, सोबत आणि निवडीची मुभा यांना प्रवेश मिळवून देण्याच्या खटाटोपाला आज प्राणिसंग्रहालयांत आणि प्रयोगशाळांत ‘एन्रिचमेंट’ या नावाने ओळखतात. मराठीत त्याला परिसर-समृद्धी म्हणता येईल. कल्पना काही आजची नव्हे. रॉबर्ट यर्क्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२५ सालीच असे लिहून ठेवले होते की, बंदिस्त वानरांच्या बरदास्तीत खरी सुधारणा व्हावयाची असेल तर त्यांना खेळता येईल किंवा काम करता येईल अशी साधने शोधून काढून ती पिंजऱ्यात बसविली पाहिजेत. पण ज्या वर्षी हे मत छापले गेले त्याच वर्षी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जो प्रयोग मोठ्या थाटाने सुरू झाला, त्याचा शेवट पाहिला म्हणजे सदिच्छा आणि ज्ञान यांच्यातले अंतर किती असू शकते ते ध्यानात येते.

कार्ल हागेनबेक या जर्मन व्यापाऱ्याने १९०७ साली हँबुर्गनजीक लोखंडी गजांऐवजी खंदकांनी वेढलेली मोकळी प्रांगणे उभारून साऱ्या युरोपचे डोळे दिपवले होते. त्याच धर्तीवर लंडनमध्ये सिमेंटचा एक कृत्रिम डोंगर रचण्यात आला आणि त्यावर सुमारे शंभर हमाद्र्यास बबून सोडण्यात आले. जागा ऐसपैस, हवा मोकळी, प्रेक्षकांना दृश्य मनोहर. परंतु ज्या जातीत एकेका नराभोवती त्याच्या माद्यांचे कुटुंब असते आणि अशी अनेक कुटुंबे परस्परांच्या मर्यादा पाळून एकत्र नांदतात, त्या जातीचे परस्परांना सर्वस्वी अनोळखी असे नरच तेवढे त्या डोंगरावर गोळा करण्यात आले होते, माद्या जेमतेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. पुढे दोन वर्षांनी आणखी माद्या आणून सोडल्या, तेव्हा त्यांच्या ताब्यासाठी जी झुंज जुंपली तीत कित्येक माद्या अक्षरशः फाडल्या गेल्या, आणि काही वर्षांत तो डोंगर ओस पडण्याच्या बेतास आला. सॉली झुकरमन या तरुण शरीरशास्त्रज्ञाने या हत्याकांडाचा अभ्यास करून १९३२ साली वानरांच्या समाजजीवनावर ग्रंथ लिहिला, आणि वानरसमाज म्हणजे हिंसा व कामवासना यांचा खेळ असा समज त्यामुळे दीर्घकाळ रूढ झाला. हान्स कुमर या स्विस संशोधकाने अनेक वर्षांनी इथिओपियाच्या खडकाळ प्रदेशात याच बबूनांची खरी वस्ती पाहिली, तेव्हा तेथील कुटुंबव्यवस्था चांगली सुस्थिर असल्याचे आढळले. माझ्या मते या प्रकरणाचा धडा पिंजरे बांधणाऱ्या प्रत्येक अभियंत्याने आपल्या आराखड्यावर लिहून ठेवण्याजोगा आहे: जागा दिली म्हणजे जीवन दिले असे होत नाही. हाइनी हेडिगर या स्विस प्राणिसंग्रहालय-संचालकाने १९४२ च्या आपल्या ग्रंथात हीच गोष्ट शास्त्राच्या भाषेत मांडली. रानातला प्राणीही मोकाट नसतो, तो आपल्या हद्दीत, वाटांत आणि वेळापत्रकात बांधलेला असतो, म्हणून पिंजऱ्याच्या लांबीरुंदीपेक्षा त्यात काय आहे याला महत्त्व अधिक, असा त्याचा सिद्धान्त होता.

या विषयाच्या इतिहासात हिंदुस्थानचा जो भाग आहे, तो आपल्याकडे फारसा कोणाला ठाऊक नाही, आणि तो ठाऊक असणे मला अगत्याचे वाटते. उत्तर हिंदुस्थानातल्या गावांत, देवळांत आणि रेल्वे स्थानकांवर वावरणारे ऱ्हीसस माकड हे विसाव्या शतकातील वैद्यकशास्त्राने अतिशय राबवलेले जनावर होते. पोलिओच्या लशीसाठी माकडाच्या मूत्रपिंडातील पेशी लागत. त्या पेशींच्या मागणीमुळे १९५० नंतरच्या दशकात दरसाल लाखाच्या वर माकडे या देशातून, मुख्यतः अमेरिकेत आणि युरोपात, रवाना होत असत. १९५५ च्या आरंभी लंडनच्या विमानतळावर एका बंद मोटारीत जवळजवळ चारशे माकडे गुदमरून मेली, तेव्हा लोकक्षोभ होऊन सरकारने निर्यात काही काळ थांबवली. नंतर लस आणि वैद्यकीय संशोधन याच कामांसाठी अशी अट घालून ती पुन्हा सुरू केली. अखेर मोरारजी देसाई यांच्या सरकारने निर्यात पूर्णपणे बंद करण्याचा निर्णय घेतला आणि १ एप्रिल १९७८ पासून तो अमलात आला. पोलिओच्या लशीने जी बालके वाचली त्यांत आपलीही होती, हे विसरून या व्यापारावर नुसता संताप करणे मला न्याय्य वाटत नाही. परंतु ज्यांच्या जिवावर हे झाले त्यांनी समुद्रापलीकडे आपले दिवस कसे काढले, याची विचारपूस करण्याचे कर्तव्य त्यामुळे अधिकच ठळक होते.

यांच्याच जातभाईंवर विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो या मानसशास्त्रज्ञाने आपले प्रसिद्ध प्रयोग केले. त्याच्या आरंभीच्या प्रयोगांत एक गोष्ट अशी निघाली की तिने तत्कालीन मानसशास्त्राच्या मूळ गृहीतालाच धक्का दिला. कड्या, खिळे आणि बिजागऱ्या यांची गुंतागुंतीची कुलपे माकडांच्या पिंजऱ्यात लावून ठेवली असता, कसलेही बक्षीस नसताना, केवळ ती उघडतात म्हणून माकडे ती पुनःपुन्हा उघडत राहिली. १९५० साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्याच प्रयोगशाळेतील रॉबर्ट बटलर याने १९५३ मध्ये माकडाला एका बंद पेटीत ठेवून तिला एक झडप केली. योग्य रंगाचे दार ढकलले की ती काही क्षण उघडे आणि बाहेरची खोली दिसे. एवढ्याशा दर्शनासाठी माकडे तासचे तास ते दार ढकलत राहिली. बाहेर काय ठेवले असता हा उत्साह वाढतो हे पुढे तपासले, तेव्हा नुसत्या अन्नापेक्षा चालती खेळण्यातली आगगाडी त्यांना अधिक प्रिय ठरली, आणि त्या आगगाडीपेक्षाही दुसऱ्या एखाद्या माकडाचे दर्शन. अन्नाची थाळी वेळेवर देऊन आपले कर्तव्य संपले असे मानणाऱ्या प्रत्येक व्यवस्थापकाला निरुत्तर करणारा पुरावा याहून वेगळा शोधावयास नको.

हार्लोचे पुढचे प्रयोग वाचवत नाहीत. जन्मताच आईपासून तोडून सहा-सहा महिने, वर्ष-वर्ष संपूर्ण एकांतात ठेवलेली पिले बाहेर काढली, तेव्हा ती स्वतःलाच मिठी मारून बसत, डुलत, आपल्याच हाताला चावत, आणि इतरांच्या मेळाव्यात घातली की भीतीने गोठून जात. ही जी लक्षणे तेथे मुद्दाम निर्माण करण्यात आली तीच जगभरच्या पिंजऱ्यांत आपोआप निर्माण होत होती, हे त्या काळी किती थोड्यांच्या लक्षात आले! तथापि याच मालिकेच्या शेवटी, १९७२ च्या सुमारास, हार्लो आणि स्टीफन सुओमी यांनी जे दाखवले त्यात उपायाची दिशा होती. सहा महिने एकांतात काढलेल्या माकडांच्या सोबतीला त्यांनी तीन महिन्यांची, नीट वाढलेली पिले दिली. या पिलांना अजून भांडणे ठाऊक नव्हते. ती नुसती येऊन बिलगत. काही महिन्यांत त्या एकांतवासी माकडांचे डुलणे आणि चावणे बव्हंशी ओसरले आणि ती खेळू लागली. औषधे, खेळणी आणि यंत्रे यांच्या आधी या यादीत सोबतीचा क्रमांक लागतो तो यामुळे.

शास्त्रज्ञांना ठाऊक असलेली गोष्ट कायद्याच्या दफ्तरात रुजू व्हावयास मात्र एक फौजदारी प्रकरण घडावे लागले. १९८१ साली अमेरिकेतील मेरीलँड राज्यात सिल्व्हर स्प्रिंग या गावी एका प्रयोगशाळेवर पोलिसांनी छापा घालून १७ माकडे ताब्यात घेतली. तेथील घाण, अरुंद पिंजरे आणि माकडांनी स्वतःचीच बोटे चावून तोडल्याची छायाचित्रे देशभर गाजली. त्यातून उठलेल्या चळवळीने १९८५ साली अमेरिकेच्या प्राणिकल्याण कायद्यात दुरुस्ती घडवून आणली, आणि वानरांच्या मानसिक स्वास्थ्यास पोषक असा परिसर पुरवणे हे संस्थेचे कर्तव्य ठरले. १९९१ च्या नियमांनी याचा तपशील बांधून दिला: प्रत्येक संस्थेने लेखी योजना करावी, सोबतीची तजवीज करावी, बसावयास उंच जागा आणि हाताळावयास वस्तू द्याव्यात, पिलांकडे आणि मनोविकृतीची चिन्हे दाखवणाऱ्यांकडे विशेष लक्ष पुरवावे, आणि निरीक्षक मागेल तेव्हा ती योजना दाखवावी. माकडाच्या पोटाबरोबर त्याच्या मनाचाही उल्लेख कायद्याच्या कलमात झाला, ही घटना माझ्या दृष्टीने लहान नाही.

कायदा झाला की त्यातून सुटण्याच्या सबबीही तयार होतात. प्रौढ ऱ्हीसस एकत्र ठेवल्यास ती एकमेकांना ठार करतील, रोग पसरतील, प्रयोगात व्यत्यय येईल, अशी कैफियत पुष्कळांनी मांडली. या साऱ्या कैफियतींना विस्कॉन्सिनच्या वानर-संशोधन केंद्रातील व्हिक्टर राइनहार्ट या पशुवैद्याने वर्षानुवर्षांच्या कामाने उत्तर दिले. दोन माकडे एकदम एका पिंजऱ्यात न कोंबता त्याने आधी त्यांना जाळीआड शेजारी ठेवले, दोघांत वरिष्ठ कोण हे त्यांनी जाळीतूनच ठरवून घेईपर्यंत वाट पाहिली, आणि मगच मधला पडदा काढला. बहुसंख्य जोड्या सुखाने नांदल्या. दोन मजली पिंजऱ्यांतील खालच्या रांगेत अंधार असतो आणि संकट आले की वर चढणाऱ्या या जीवाला जमिनीलगत कोंडणे हाच मुळात जाच आहे, हेही त्याने सातत्याने मांडले. कुरतडावयास झाडाची ओंडकी, बसावयास साध्या नळाचा तुकडा, इतक्या अल्पमोली साधनांवर त्याचा भर असे. जाळीतून एकेक बिस्किट बोटांनी ओढून काढावे लागेल अशी अडचण त्याने मुद्दाम निर्माण केली, तेव्हा तीच बिस्किटे शेजारी मोकळी पडलेली असतानाही माकडे जाळीशी झटत राहिली. आयत्या घासापेक्षा कष्टाचा घास अधिक पसंत करण्याची ही वृत्ती उंदरांपासून वानरांपर्यंत अनेक प्राण्यांत आढळलेली आहे.

याच्या थोडे आधी स्कॉटलंडमधील आर्नल्ड शामोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग मला या साऱ्या वाङ्मयात सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्यात यंत्र नाही, खर्च नाही आणि शहाणपण पुष्कळ आहे. पिंजऱ्याची जमीन सिमेंटची असावी आणि ती रोज पाण्याने धुवावी, हा आरोग्याच्या नावाखाली चालत आलेला शिरस्ता. या मंडळींनी आठ जातींच्या वानरांच्या पिंजऱ्यांत लाकडाच्या ढलप्यांचा जाड थर पसरला आणि त्यात दाणे विखरून टाकले. एरवी जाळीला लटकणारी माकडे जमिनीवर उतरून दिवसभर ढलप्या उपसू लागली, जो तो आपल्या कामात गुंतल्याने भांडणे घटली, आणि ज्या घाणीची भीती होती ती तपासून पाहता असे आढळले की थर जसजसा जुना होतो तसतसे रोगजंतू त्यात टिकेनासे होतात. जंगलातील पालापाचोळ्याचे जे गुण आहेत तेच या ढलप्यांनी दाखवले. १९८२ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. तरी आजही कित्येक ठिकाणी, आपल्याकडे तर सर्रास, फिनेलच्या वासाची ओली फरशी हीच चांगल्या व्यवस्थेची खूण समजली जाते.

ज्यांना यंत्रांची आवड होती त्यांनी यंत्रेही केली. हॅल मार्कोविट्झ याने पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात गिबनांसाठी दोन टोकांना दोन तरफा बसवल्या. दिवा लागला की एक ओढावयाची, हातांवर झोके घेत दुसरे टोक गाठून दुसरी ओढावयाची, मग घास मिळे. जेन गुडॉल यांनी १९६० मध्ये टांझानियातील गोंबेच्या रानात चिंपँझीला काडी खुपसून वाळवी काढताना पाहिल्यापासून अनेक प्राणिसंग्रहालयांनी सिमेंटची वारुळे बांधून त्यांच्या भोकांत मध भरून ठेवला, आणि चिंपँझींनी काड्या तोडून, सोलून, टोक चावून आपला वडिलोपार्जित धंदा पुढे चालू केला. काम न दिल्यास हे वानर काम शोधून काढतात. अमेरिकेत ओमाहा येथील फू मांचू नावाचा ओरांगउटान १९६८ साली वारंवार पिंजऱ्याबाहेर आढळू लागला, तेव्हा सेवकांवर निष्काळजीपणाचा ठपका आला. शेवटी असे निघाले की तारेचा एक तुकडा तो ओठाच्या आत दडवून ठेवी आणि त्याने कुलूप उघडी. स्वीडनमधील फुरुविक येथील सांतिनो हा चिंपँझी सकाळी शांतपणे दगड गोळा करून ठेवी आणि प्रेक्षक आल्यावर ते त्यांच्यावर फेकी. माथियास ओस्वाथ या शास्त्रज्ञाने २००९ साली त्यावर निबंध लिहिला आणि पुढचा विचार करण्याची वानरांची शक्ती म्हणून त्याची जगभर चर्चा झाली. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. योजना करण्याइतकी बुद्धी ज्याला आहे, त्याला योजना करण्याजोगे दुसरे काहीच दिलेले नव्हते.

आपल्याकडील व्यवस्थेचे चित्र संमिश्र आहे. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण १९९२ साली स्थापन झाले आणि त्यानंतर अनेक ओंगळ पिंजरे बंद झाले, हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. १९९८ च्या अधिसूचनेने माकडांचे जाहीर खेळ करण्यास बंदी झाली, आणि परिसर-समृद्धीचा पुरस्कारही सरकारी मार्गदर्शिकांत आता नियमाने आढळतो. परंतु कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडू यांच्या सदाहरित अरण्यांत, उंच झाडांच्या शेंड्यांवर आयुष्य काढणाऱ्या सिंहपुच्छ माकडांची देशातील प्राणिसंग्रहालयांतली अवस्था अवंती मल्लापूर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह तपासली, तेव्हा प्रेक्षकांच्या गर्दीपुढे ठेवलेल्या माकडांत विकृत वर्तन वाढते असे त्यांना दिसून आले. म्हणजे ज्या प्रेक्षकांसाठी हा सारा डोलारा उभा केला, त्यांची नजर चुकवून बसावयास एक झुडूप किंवा आडोसा असणे, ही या प्राण्याची पहिली गरज ठरते. म्हैसूरला डब्लिनहून आलेला पोलो हा गोरिला २०१४ मध्ये मरेपर्यंत देशातला एकमेव गोरिला म्हणून प्रसिद्ध होता. त्याचे हे एकमेवपण फलकावर अभिमानाने सांगितले जाई, पण कुटुंबात राहणाऱ्या वानराला एकमेव असण्यासारखी दुसरी शिक्षा नाही. २०२१ मध्ये तेथे जर्मनीहून दोन नर एकत्र आणण्यात आले, ही सुधारणा नोंदवावयास हवी.

महाराष्ट्रातल्याच एका प्राणिसंग्रहालयात मी जे पाहिले ते येथे थोडे विस्ताराने सांगतो. माकडांच्या प्रांगणामागे पत्र्याच्या आडोशाला एक प्रौढ वयाचे प्राणिपालक कळकाची पेरे पुढ्यात घेऊन बसले होते. प्रत्येक पेराला गिरमिटाने तीन-चार भोके पाडावयाची, इतकी की माकडाचे बोट जाईल पण मूठ जाणार नाही. मग आत हरभरे आणि शेंगदाणे टाकून वर वाळके गवत ठासावयाचे, काहींना आतून गुळाचा हात फिरवावयाचा, आणि काथ्याने ती फांद्यांना टांगावयाची. नायलॉनची दोरी का नको असे मी विचारले, तेव्हा म्हणाले, “धागे निघतात साहेब, पोटात गेले की आतडं अडकतं. काथ्या तुटला तर तुटू दे.” पेरे बरीच दिसत होती, माकडांच्या संख्येहून कितीतरी अधिक. त्याचेही कारण त्यांनी सांगितले: “दोन-चारच टांगली तर म्होरक्या धरून बसतो आणि बारकी नुसती बघत राहतात. डोकी आहेत त्याच्यापेक्षा जास्त टांगली की भांडण नाही.” कोणत्याही पाठ्यपुस्तकात हाच नियम सापडतो, यांनी तो माकडांकडून शिकून घेतला होता. पेरे टांगून ते बाहेर आले आणि फाटक उघडले, तेव्हा टोळीतल्या एका तरुण मादीने आधी नळी हलवून कानाशी नेल्यासारखी केली, मग भोकाला डोळा लावला, मग काडीने गवत उपसावयास आरंभ केला, आणि एकेक हरभरा पडेल तसा तो गालात टाकीत ती त्या एका नळीशी इतका वेळ गुंतून राहिली की समोर जमलेल्या पोरांच्या आरडाओरड्याकडे तिने मान वळवूनही पाहिले नाही.

शेजारच्या लहान पिंजऱ्यात एक म्हातारी माकडीण होती. ती एका खेळवाल्याकडून जप्त होऊन आलेली. सुळे कधीच उपटून टाकलेले, गळ्याभोवती दोरीचा जुना वळ. कोणाच्या हातात काठी दिसली की ती दोन पायांवर उभी राही आणि कपाळाला हात लावी. टोळीत सोडावी तर तेथे वागण्याची पद्धत तिला ठाऊक नाही, म्हणून जाळीच्या पलीकडे दुसरी एक वयस्क मादी आणून ठेवली होती. मी होतो तेवढ्या वेळात त्या दोघी जाळीला पाठ लावून बसल्या होत्या आणि पलीकडची जाळीतून बोटे घालून हिच्या पाठीच्या उवा वेचीत होती. “आणखी पंधरा दिवस बघू,” असे प्राणिपालक म्हणाले. माझी खात्री आहे की राइनहार्टचे नावही त्यांनी ऐकले नसेल.

या कामासाठी त्यांना स्वतंत्र वेळ मंजूर नाही. पिंजरे धुणे, शिधा चिरणे, नोंदवह्या भरणे आणि सुट्टीच्या दिवशी गर्दीचा बंदोबस्त करणे यांतून जो वेळ उरेल त्यात ही पेरे भरावयाची. आणि ते रजेवर गेले की पेरे रिकामी लोंबतात. सगळ्या प्रश्नाचे मर्म मला येथे दिसते. परिसर-समृद्धीस कळक, काथ्या, गोणपाट, अग्निशामक दलाचे टाकाऊ पाइप आणि पालापाचोळा पुरतो. जे पुरत नाही ते मनुष्यबळ, आणि अंदाजपत्रकात त्याचाच रकाना नसतो. उन्हाळ्यात बर्फाच्या लादीत गोठवलेली फळे माकडांना दिल्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात, ती पाहून आनंद होतो. परंतु वर्षातून एकदा दिलेला बर्फ हा सोहळा झाला, व्यवस्था नव्हे. नवी वस्तू काही दिवसांत जुनी होते आणि माकड तिच्याकडे पाहीनासे होते, म्हणून साधने पालटत राहिली पाहिजेत. आज पेरे, उद्या पाल्यात विखुरलेले दाणे, परवा दोऱ्यांची फेरमांडणी, असा क्रम कोणीतरी आखला पाहिजे, कोणते साधन किती वेळ वापरले गेले हे लिहून ठेवले पाहिजे, आणि त्या कामावर नेमलेल्या माणसाच्या रजेत बदली देणे हे खात्याने आपले कर्तव्य मानले पाहिजे.

प्रयोगशाळांची गोष्ट याहून अवघड आहे, कारण तेथे प्रेक्षक नाहीत. २०२० साली कोव्हॅक्सिन लशीच्या चाचणीसाठी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत २० ऱ्हीसस माकडांवर प्रयोग झाले. ती माकडे महाराष्ट्रातल्याच रानातून वनखात्याच्या परवानगीने पकडून आणलेली होती. त्या महामारीत तो निर्णय चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. पण ज्यांच्याकडून आपण इतके घेतो त्यांना पिंजऱ्यात असेपर्यंत जाळीपलीकडे एक सोबती, बसावयास उंच फळी आणि बोटांना काम मिळणे, हा दयेचा विषय नसून देण्याचा विषय आहे, आणि अशा प्रत्येक संस्थेने आपली योजना लोकांपुढे छापून ठेवावी अशी मागणी करण्याचा आपल्याला हक्क आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१३ साली आपल्या चिंपँझींसाठी किमान सातांचा गट आणि चढावयास २० फूट उंची अशी शिफारस स्वीकारली आणि दोन वर्षांनी चिंपँझींवरील प्रयोगांना दिलेला आधारच काढून घेतला. गरजांची यादी प्रामाणिकपणे केली म्हणजे काही प्राण्यांच्या बाबतीत ती पिंजऱ्यात पुरी होऊच शकत नाही असे उत्तर येते, आणि ते उत्तर स्वीकारण्याची तयारी ठेवूनच हे काम हाती घेतले पाहिजे. परिसर-समृद्धी हे बंदिवासाचे समर्थन म्हणून पुढे केले जाईल तेथे तिचा विरोध करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

या दिवाळीच्या सुट्टीत जे वाचक मुलाबाळांना घेऊन प्राणिसंग्रहालयात जातील त्यांना माझी विनंती आहे की, कठड्यावरून शेंगदाणे आणि बिस्किटे आत फेकू नयेत, कारण त्या फेकण्याने माकडाचा उरलासुरला उद्योगही भीक मागण्यात जातो. माकडांपुढे थोडा वेळ मुकाट्याने उभे राहावे, त्यांच्यापुढे काही काम आहे काय, त्यांना सोबत आहे काय आणि आपल्या नजरेआड जाण्यास जागा आहे काय हे पाहावे, आणि मग तेथील अधिकाऱ्याला गाठून या माकडांना आज कोणते काम दिले आणि ते कोणी दिले, असे नम्रपणे विचारावे. मिळालेले उत्तर, आणि न मिळाल्यास तसे, आपले नाव, गाव व तारीख घालून तेथल्या अभिप्रायवहीत लिहून ठेवावे.